स्त्रीवादी परराष्ट्र धोरण सोलापुरातून कसं दिसतं

विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका मुलीने विचारलं होतं: "ताई, स्वीडनने २०१४ मध्ये 'स्त्रीवादी परराष्ट्र धोरण' जाहीर केलं आणि २०२२ मध्ये सोडून दिलं. म्हणजे ते नुसतं नाव होतं का? परदेशी मदतीतल्या स्त्री-पुरुष समानतेचा आपल्या सोलापूरच्या बाईशी काही संबंध येतो का? लघुप्रबंधासाठी हा विषय घेऊ का?"

विषय जरूर घे, फक्त प्रश्न थोडा फिरवून घे. नाव टिकलं का, हे विचारून फार हाती लागणार नाही. त्या नावाखाली पैशाचे नियम बदलले का, आणि ते नियम लिहिताना कोणाला विचारलं होतं, असं विचार. मग स्टॉकहोमपासून आपल्या कुंभारीच्या विडी घरकुलापर्यंत, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीपर्यंत, एकच धागा जातो, हे तुला दिसेल. मी सव्वीस वर्षं या जिल्ह्यात बायकांचे गट बांधले, त्यांच्यासाठी प्रपोजलं लिहिली आणि परदेशातून आलेल्या पैशाचे हिशेब दिले. उत्तर त्या अनुभवातून देते.

आधी स्वीडन. ऑक्टोबर २०१४ मध्ये मार्गोट वॉलस्ट्रॉम परराष्ट्रमंत्री झाल्या आणि आपलं धोरण स्त्रीवादी असेल असं त्यांनी सांगितलं. हक्क, प्रतिनिधित्व आणि संसाधनं या तीन गोष्टींवर ते उभं होतं. बाईला कायद्याने काय मिळतं, निर्णयाच्या टेबलावर ती आहे का, आणि तिच्या वाट्याला पैसा येतो का. कसोटी लवकरच लागली. सौदी अरेबियातल्या बायकांच्या स्थितीवर आणि एका ब्लॉगलेखकाला दिलेल्या फटक्यांच्या शिक्षेवर वॉलस्ट्रॉम बोलल्या, तर मार्च २०१५ मध्ये कैरोला अरब लीगच्या बैठकीत त्यांचं ठरलेलं भाषण रोखलं गेलं. स्वीडनने सौदीबरोबरचा संरक्षण सहकार्याचा करार पुढे वाढवला नाही. उद्योगपती चिडले, राजदूत परत बोलावले गेले. या धोरणासाठी स्वीडनने किंमत मोजली, हे मान्य करायला हवं. कॅनडाने २०१७ मध्ये स्वतःचं स्त्रीवादी आंतरराष्ट्रीय मदत धोरण आणलं, पण सौदीला चिलखती गाड्या विकण्याचा २०१४ चा करार चालूच ठेवला. दोन्ही देश तेव्हा एकाच शब्दाखाली मोडत होते, तरी वागणं सारखं नव्हतं. प्रबंधात हा फरक दाखव.

ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वीडनमध्ये सरकार बदललं. समानता हे मूल्य राहील, पण हे लेबल आम्ही वापरणार नाही, कारण लेबलामुळे आतला आशय झाकला जातो, असं नवे परराष्ट्रमंत्री टोबियास बिलस्ट्रॉम म्हणाले. दरम्यान फ्रान्स, मेक्सिको, स्पेन, जर्मनी, चिली अशा देशांनी हे नाव घेतलं होतं. मेक्सिकोने २०२० मध्ये घेतलं, विकसनशील देशांतला तो पहिला.

माझं मत विचारशील तर नावाला किंमत आहे. सरकारी कचेरीत एखाद्या कनिष्ठ अधिकारी बाईला फाइलवर लिहायचं असतं, "या रस्त्याच्या कामात बायकांना मजुरी किती मिळणार, हे आलेलं नाही." धोरणाचं नाव तिच्या पाठीशी असेल तर ती लिहिते. नाव गेलं की तीच शेरा खोडून टाकते, कारण वरचा साहेब विचारतो, हे तुला कोणी सांगितलं? पण नाव गेल्यावरही काही गोष्टी शिल्लक राहतात. पैसा देण्याच्या नियमांत जे लिहिलं गेलं, ते पुसायला वेळ लागतो. म्हणून मी भाषणांपेक्षा नियमांकडे जास्त लक्ष देते.

त्यातला सगळ्यात कामाचा नियम म्हणजे ओईसीडी या श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या विकास सहाय्य समितीचा जेंडर मार्कर. श्रीमंत देश आपल्या प्रत्येक मदत प्रकल्पाला शून्य, एक किंवा दोन असा आकडा देतात. आपल्या पाण्याच्या उदाहरणावरून समजून घे. सोलापूर शहरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत आलं, आणि उजनीची पाइपलाइन हा इथल्या प्रत्येक घरातला विषय आहे. समजा, अशी एखादी लाइन परदेशी पैशातून टाकायची आहे. नुसती पाइप टाकली तर आकडा शून्य. मुख्य काम पाण्याचंच, पण बायकांचा पाणी भरण्यातला वेळ कमी करणं हे लेखी उद्दिष्ट आहे, पाणी सोडण्याची वेळ त्यांना विचारून ठरते आणि ती मोजली जाते, तर एक. आणि समानतेचा हेतू नसता तर प्रकल्प झालाच नसता, उदाहरणार्थ पाणी समितीत बायकांच्या हाती कारभार देण्यासाठीच आखलेला कार्यक्रम, तर दोन.

आता आकडे बघ. गेल्या काही वर्षांत या देशांच्या द्विपक्षीय, म्हणजे एका देशाने दुसऱ्याला दिलेल्या, मदतीतली निम्म्याहून कमी रक्कम एक किंवा दोनमध्ये बसते. दोनमध्ये बसणारी जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास असते. बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या हातात थेट पडणारा पैसा तर एक टक्क्याच्या घरातच राहतो. कॅनडाने ठरवलं होतं की २०२१-२२ पर्यंत द्विपक्षीय मदतीतली ९५ टक्के रक्कम समानतेला धरून असेल, आणि एकूण द्विपक्षीय मदतीतली १५ टक्के थेट समानतेसाठी. जर्मनीने २०२३ मध्ये ठरवलं की २०२५ पर्यंत नव्या प्रकल्पांच्या निधीत 'एक'चा वाटा ८५ टक्के आणि 'दोन'चा ८ टक्के असेल. लक्ष्य ठेवताना बहुतेक पैसा 'एक'मध्ये ठेवला जातो, ही मेख इथे आहे. 'एक' मिळवायला प्रस्तावात नीट लिहिलेले चार परिच्छेद पुरतात. शिवाय हा आकडा मदत देणारा देश स्वतःच ठरवतो, तोही प्रकल्प आखतानाच. म्हणजे मार्कर मोजतो तो हेतू. पुढे बाईच्या हातात काय आलं, हे त्यातून कळत नाही.

ते कुठे निसटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका प्रकल्पाच्या शेवटच्या पाहणीला बाहेरून पथक आलं होतं. कुंभारीच्या वसाहतीत एका घरात बसलो. ताईंच्या मांडीवर सूप होतं, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. बोलताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. प्रश्न इंग्रजीत छापलेला. पथकातल्या मुलाने त्याचं मराठी केलं, शेजारच्या मुलीने मराठीचं तेलुगू केलं: "घरातल्या खर्चाचा निर्णय कोण घेतं? तुम्ही, नवरा, की दोघं मिळून?" ताई म्हणाल्या, "मुलीची फी भरायची हे मी ठरवते. पैसे त्यांच्याकडून मागून घ्यावे लागतात. नाही म्हणाले तर आईकडून आणते, ते त्यांना सांगत नाही."

मुलाने कागदाकडे पाहिलं. तीन चौकटी होत्या. त्याने 'दोघं मिळून'वर खूण केली.

त्या पोराचा दोष नव्हता, त्याला दिवसाला वीस घरं करायची होती. पण त्या ताईंच्या तीन वाक्यांत जे होतं, निर्णय तिचा, पैसा त्याच्या हातात आणि वाट लपून काढलेली, ते सगळं त्या खुणेत नाहीसं झालं. पुढच्या रिपोर्टात 'संयुक्त निर्णय घेणाऱ्या कुटुंबांची टक्केवारी वाढली' असं छापून आलं. तो रिपोर्ट लिहिण्यात मीही होते. तेव्हापासून मी प्रत्येक फंडरकडे आग्रह धरते की प्रश्नावली आधी तेलुगू, कन्नड, मराठी बोलणाऱ्या पाच-सहा बायकांसमोर वाचू द्या, मगच छापा. काही ऐकतात.

दुसरी गोष्ट बजेटची. सक्षमीकरणाचं प्रशिक्षण सकाळी अकरा ते चार ठेवलं, हजेरीपत्रकावर चाळीस सह्या झाल्या, फोटो निघाले, चहा-पोहे झाले. पण विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. तो दिवस गेला की तिच्या अर्ध्या-पाऊण हजार विड्या गेल्या. शिवाय पानं वाळतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जास्त विड्या छाटात निघतात, म्हणजे खराब म्हणून बाद होतात. म्हणजे आपल्या समानतेचा खर्च तीच उचलत होती. मी बजेटमध्ये 'बुडालेली मजुरी' अशी ओळ घातली, तर एका फंडरने ती सगळ्यात आधी कापली. शिकण्यासाठी पैसे देणं आमच्या तत्त्वात बसत नाही, असं सांगितलं. त्यांच्या प्रशिक्षकाचं मानधन आणि विमानाचं तिकीट मात्र त्याच तत्त्वात बसत होतं. शेवटी आम्ही बैठका संध्याकाळी वस्तीतच ठेवायला लागलो, तासाभराच्या. वळता वळता बोलायचं. त्या बैठकांना जास्त बायका आल्या आणि बोलल्याही जास्त. स्त्रीवादी मदत कशी ओळखायची, असं मला कोणी विचारलं तर मी बजेटातली ही एक ओळ शोधायला सांगते.

हे जमू शकतं, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, इथली गावंच्या गावं पडली, सोलापूर जिल्ह्यालाही हादरे बसले. पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज आलं. सुरुवातीला सगळा कारभार इंजिनिअर, कंत्राटदार आणि घरातला कर्ता पुरुष यांच्यातच चालला होता. मग स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. कोणाला किती रक्कम मिळायची, भिंतीत काय घालायला हवं, हप्ता कुठे अडला, हे घरोघरी सांगायचं आणि इंजिनिअरलाही विचारायचं, हे त्यांचं काम. ज्या बाईने आयुष्यात कधी तलाठ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं, ती सिमेंटच्या गोण्या मोजायला लागली. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा यांतल्या बायका तिकडच्या बायकांना सांगायला गेल्या. त्या वेळी 'स्त्रीवादी परराष्ट्र धोरण' हे शब्द कोणी उच्चारलेही नव्हते. कर्जाच्या पैशाने चाललेल्या कामात बाईला अधिकृत पद होतं, तिच्या शब्दाला वजन होतं, तेवढ्यावर ते घडलं.

आता भारताची बाजू. यातही तुझ्या वर्गमित्रांना माहीत नसलेलं बरंच आहे. २००३ मध्ये आपल्या सरकारने ठरवलं की द्विपक्षीय सरकारी मदत मोजक्या मोठ्या देशांकडूनच घ्यायची, लहान दात्यांनी आपला पैसा स्वयंसेवी संस्थांमार्फत किंवा संयुक्त राष्ट्रांमार्फत द्यावा. स्वीडन, नेदरलँड्स असे समानतेचा आग्रह धरणारे देश त्या लहान दात्यांत आले. पुढे २०१५ मध्ये ब्रिटननेही पारंपरिक अनुदान थांबवलं. त्यामुळे अशा लहान देशांचा पैसा आपल्याकडे आला तर तो मुख्यतः एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या, दारातून येतो. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ते दार अरुंद झालं. परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि खातं दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच उघडायचं ठरलं. दिल्ली-मुंबईच्या संस्थेला हे झेपतं. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या दोन खोल्यांतल्या बायकांच्या संस्थेला पूर्वी मोठ्या संस्थेमार्फत दोन-तीन लाख मिळायचे, ते बंद झाले. परदेशी पैशावर लक्ष ठेवणं हा सरकारचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक टक्का मदत थेट बायकांच्या संस्थांकडे जाते असं आपण म्हणतो, तेव्हा ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचण्याची वाट कोणती, हा प्रश्न दात्यांनाही विचारला पाहिजे आणि आपल्या सरकारलाही.

कर्जाच्या वाटेने आलेलं एक चांगलं काम माविमचं, म्हणजे राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाचं आहे. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जातून २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रम चालला. गटांवर ग्रामसमिती, त्यावर लोकसंचालित साधन केंद्र, आणि केंद्राचा खर्च बायकांनी फीमधून उचलायचा, अशी त्याची रचना. कार्यक्रम संपल्यावरही केंद्रं उभी राहावीत, हे पहिल्याच दिवशी आखलेलं होतं. सगळी केंद्रं सारखी चालतात असं नाही, पण जी चालतात तिथे व्यवस्थापक बाईचा पगार बायकाच ठरवतात.

पण माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा गाभा मदतीत नाही, एका करारात आहे, आणि तो सोलापूरचाच आहे. परराष्ट्र धोरण म्हणजे फक्त अनुदान नव्हे, आपला देश जगाशी जे करार करतो तेही. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार २००३ मध्ये झाला, भारताने तो २००४ मध्ये मंजूर केला, २००५ मध्ये तो लागू झाला. करार योग्यच आहे. विडीने माणसं मरतात, आणि वळणाऱ्या बायकांच्या छातीत बसलेली तंबाखूची धूळ मी जवळून पाहिली आहे. कराराच्या प्रस्तावनेत धोरण आखणीत बायकांच्या पूर्ण सहभागाची गरज लिहिली आहे. १७ वं कलम सांगतं की तंबाखू कामगार, शेतकरी आणि गरजेप्रमाणे किरकोळ विक्रेते यांच्यासाठी परवडणारे पर्याय देशांनी परस्पर सहकार्याने उभे करावेत. या कलमात बाईचा उल्लेख नाही. आणि आपल्याकडे विडी कामगार म्हणजे प्रामुख्याने घरी बसून वळणारी बाई.

मग काय झालं? कराराचा जो भाग विक्री कमी करतो, तो पुढे सरकला. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रमय इशारा आला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, विडीवर २८ टक्के, आणि त्याच वेळी विडी कामगार कल्याण निधीचा उपकर बंद झाला. कामगारांचे दवाखाने आणि पोरांच्या शिष्यवृत्त्या १९७६ च्या कायद्याने ज्या उपकरावर चालत, तोच हा. १७ वं कलम मात्र मागे पडलं. शिवणाची, पापडाची, अगरबत्तीची प्रशिक्षणं झाली. शिवणयंत्र मिळालं, पण विडीचं काम कसंही असलं तरी त्यात कार्ड असतं, प्रॉव्हिडंट फंड असतो, युनियन असते. कुंभारीची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली ती या बायकांच्या संघटनेच्या जोरावर. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. पर्याय म्हणून जे दिलं, ते आधीच्या कामापेक्षा कमी हक्कांचं निघालं. हा करार स्त्रीवादी नजरेने वाटाघाटीला बसला असता, तर पहिला प्रश्न आला असता: घरी बसून काम करणारी, पन्नाशीची, गुडघे दुखणारी, तेलुगू बोलणारी बाई दुसरं कोणतं काम करू शकेल आणि त्याचा फंड कोण भरेल? वाटाघाटींच्या कागदांत हा प्रश्न शोध. सापडला तर तो कोणी विचारला ते लिही, नाही सापडला तर तसं लिही. तुझ्या प्रबंधात नवं म्हणून जे येईल, ते इथेच.

भारत स्वतः मदत देतो, हेही विसरू नकोस. सोलापूरकरांना परदेशी मदत म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची आठवण निघते तेव्हा क्वो छिंगलान यांचं नाव 'पत्नी' म्हणून येतं. त्या स्वतः परिचारिका होत्या, त्याच युद्धात काम करत होत्या. एवढं तरी पुढच्या वेळी कोणीतरी बोलावं, असं मला मनापासून वाटतं. आज भारत एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत इतर देशांना कर्जं देतो आणि १९६४ पासून आयटेक या सरकारी कार्यक्रमाखाली परदेशी लोकांना प्रशिक्षण देतो. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये आफ्रिकेतल्या आज्या आयटेकच्या खर्चाने सहा महिने राहून सौर दिवे जोडायला शिकल्या, भाषा येत नसताना रंगांच्या खुणांवरून. 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने काबूलमध्ये अफगाण बायकांना शिवणकामाचं प्रशिक्षण दिलं. २००७ मध्ये लायबेरियात शांतिसेनेत गेलेली पहिली पूर्ण महिला पोलिस तुकडी भारताची होती. कामं आहेत, पण आपल्या कर्जांना आणि अनुदानांना जेंडर मार्करसारखा कुठलाही जाहीर आकडा लागत नाही. देशातल्या अर्थसंकल्पासाठी २००५-०६ पासून जेंडर बजेट निघतं. तोच तक्ता परराष्ट्र मंत्रालयाच्या विकास सहाय्याला लावायला हवा, ही माझी ठाम मागणी आहे.

यात परकं असं काही नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ होईल त्या जागी 'सर्व माणसं' असे शब्द आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. आणि आपल्याच परराष्ट्र सेवेत बाईला लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायालयाने या नियमांतला भेदभाव उघड्यावर मांडला. हा विषय युरोपातून आला, असं कोणी व्हायव्हात म्हणालं तर ही दोन नावं सांग.

२०२५ पासूनची परिस्थिती कठीण आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली आणि त्याच वर्षी १ जुलैला यूएसएड ही तिची मदतसंस्था बंद झाली. ब्रिटनने मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलेलं लक्ष्य ०.७ टक्के होतं. मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती अमेरिकी पैशाने नव्वदहून जास्त देशांत चालणारा लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम २०२५ मध्ये थांबवला गेला याची. घरात मारहाण होते का, बाळंतपण कुठे झालं, हे बाईला एकटीला बसवून विचारणारी तीच पाहणी होती. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये त्याच घराण्यातून सुरू झालं, सुदैवाने ते आता स्वतःच्या पायावर आहे. ज्या देशांकडे तेवढे पाय नाहीत, तिथल्या बाईची मोजणीच राहून जाण्याची भीती आहे.

आता कामाचं. ओईसीडीचा मदतीचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. त्यात भारत निवड, मार्कर 'एक' निवड, आणि पाच प्रकल्पांची वर्णनं शब्दन् शब्द वाच. 'महिलांसह' हा एकच शब्द समानतेच्या नावाने कितीदा आला, ते मोज. मग एखाद्या लोकसंचालित साधन केंद्राच्या मासिक बैठकीला मागे बसून राहा, काही न विचारता. आणि कुंभारीला यायचं असेल तर मला कळव, संध्याकाळी सहानंतर जाऊ. तेलुगू येणारी मैत्रीण असेल तर सोबत घे. प्रश्नावली मात्र पहिल्या दिवशी आणू नकोस.